राडारोड्याची टेकडी: वॉर्सातल्या एका बागेचा प्रकरण अभ्यास

पोलंडची राजधानी वॉर्सा. तिच्या दक्षिण भागात, विस्तुला नदीच्या डाव्या काठालगत चेर्न्याकूव नावाचा परिसर आहे. नदीच्या गाळाने बनलेला हा सखल, सपाट पट्टा. या सपाटीत बार्तित्स्का रस्त्याजवळ एक टेकडी उभी आहे. भोवतालच्या जमिनीपासून तिची उंची सुमारे ३५ मीटर, आणि माथा समुद्रसपाटीपासून १२१ मीटरवर. उतारांवर दाट झाडी आहे. माथ्यावर गेलं की एका बाजूला शहराच्या मध्यभागातल्या उंच इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला शेकिएर्की इथल्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी.

ही टेकडी माणसांनी रचली आहे. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेल्या वॉर्साचा राडारोडा १९४६ पासून पुढची काही वर्षं इथे आणून ओतला जात होता. विटा, चुन्याचा गिलावा, घरं तापवणाऱ्या भट्ट्यांच्या चकचकीत फरश्या, वाकलेल्या लोखंडी तुळया, फुटकी भांडी. आणि माणसांचे अवशेषही. आज तिला 'वॉर्सा उठावाची टेकडी' म्हणतात. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सुमारे आठ हेक्टरांची नवी बाग लोकांसाठी खुली झाली, आणि २०२४ मध्ये या बागेला शहरी सार्वजनिक जागांसाठीचा युरोपियन पुरस्कार मिळाला. बार्सिलोनाच्या समकालीन संस्कृती केंद्रातर्फे दर दोन वर्षांनी दिला जाणारा हा पुरस्कार या क्षेत्रात मानाचा समजला जातो.

पुरस्कारामुळे छायाचित्रं सगळीकडे फिरली. छायाचित्रांत दिसते ती एक देखणी बाग. पण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते दृश्यात कमी आणि निर्णयांत जास्त आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षं शहराला या ढिगाऱ्याचं काय करावं ते उमगत नव्हतं. आधी तो कचरा होता, मग गैरसोयीची आठवण, मग आपोआप वाढलेलं रान, मग वर्षातून एकदा गर्दी होणारं स्मारक. ही सगळी रूपं एकाच उतारावर सांभाळायची होती. ते ज्या रीतीने केलं गेलं ते मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याचं कारण या लेखात मांडतो.

एवढा राडारोडा आला कुठून

युद्धापूर्वी वॉर्साची लोकसंख्या सुमारे तेरा लाख होती. शहराचा विनाश टप्प्याटप्प्याने झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन बॉम्बवर्षाव झाला. एप्रिल-मे १९४३ मध्ये ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, म्हणजे घेट्टोतला, उठाव चिरडल्यावर तो अख्खा भाग पेटवून आणि सुरुंग लावून सपाट केला गेला. १ ऑगस्ट १९४४ ला पोलिश भूमिगत सेनेने, म्हणजे होम आर्मीने, शहरभर सशस्त्र उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला शरणागतीने संपला. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. विस्तुलाच्या पलीकडच्या तीरावर सोव्हिएत फौजा येऊन थांबल्या होत्या. सप्टेंबरच्या मध्यात त्यांच्या बाजूच्या काही पोलिश तुकड्या नदी ओलांडून नेमक्या या चेर्न्याकूवच्या काठावर उतरल्या. तो तळही आठवड्याभरात पडला.

सर्वांत भयंकर टप्पा यानंतरचा आहे. लढाई संपली होती आणि उरलेल्या नागरिकांना शहराबाहेर हाकललं होतं. त्या रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या रस्त्यामागून रस्ता घेत घरं जाळत आणि उडवत गेल्या. वाचनालयं, राजवाडे, संग्रह, सगळं ठरवून. १७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत आणि पोलिश सैन्य आत आलं तेव्हा डाव्या तीरावरच्या बहुतेक इमारती पडल्या होत्या. राजधानी लोज शहरात हलवावी अशीही चर्चा झाली, पण वॉर्सा पुन्हा बांधायचं ठरलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी पुनर्रचना कार्यालय स्थापन झालं.

बांधायच्या आधी उपसायचं होतं. राडारोड्याचा अंदाज दोन कोटी घनमीटरच्या घरात सांगितला जातो. आधी सुरुंग काढणाऱ्या तुकड्या आत गेल्या. मग रेड क्रॉसने चौकांत, अंगणांत घाईघाईने पुरलेले मृतदेह उकरून त्यांचं रीतसर दफन केलं. पण कोसळलेल्या तळघरांखाली जे राहिले ते राहिलेच. नंतर फावडी, घोडागाड्या, मालमोटारी आणि अरुंद रुळांवरच्या डब्यांतून ढिगारे हलू लागले.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या वॉर्सामध्ये राडारोडा म्हणजे फक्त फेकायची वस्तू नव्हती. सिमेंट, विटा, लाकूड, सगळ्याची टंचाई होती. शाबूत विटा वेगळ्या काढून घासून पुन्हा वापरल्या जात. तुकड्यांचा चुरा करून, त्यात सिमेंट मिसळून ठोकळे पाडले जात. घेट्टोतल्या विटांच्या बाबतीत तर ही छाननी युद्धातच सुरू झाली होती: आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून आणलेल्या कैद्यांना जर्मनांनी त्याच कामाला जुंपलं होतं. म्हणजे जे शहर पुन्हा उभं राहिलं त्याच्या भिंतींतही तोच चुरा आहे. ज्याचा काहीच उपयोग करता येत नव्हता तो भराव म्हणून गेला. काही शहराच्या कडेला ढीग होऊन राहिला. श्चेंश्लिवित्स्का ही आज स्कीइंगला जाण्याची टेकडी अशीच बनली. १९५५ साली विस्तुलाच्या उजव्या काठावर बांधलेल्या मोठ्या क्रीडांगणाचे उतारही राडारोड्याच्या भरावावर रचले होते. त्या जागी आज पोलंडचं राष्ट्रीय क्रीडांगण आहे.

मुरानूवचा गिलावा

चेर्न्याकूवची टेकडी समजायची तर आधी मुरानूवकडे पाहावं लागतं, कारण तिथे हाच प्रश्न १९४८-५० च्या सुमारास वेगळ्या रीतीने सोडवला गेला.

मुरानूव म्हणजे पूर्वीचा घेट्टो. तिथला ढिगारा इतका प्रचंड होता की उपसून नेणं परवडणारं नव्हतं. वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी ठरवलं की नवी वसाहत या ढिगाऱ्यावरच बांधायची आणि ढिगाऱ्यातूनच बांधायची. इमारतींखाली राडारोड्याचे चौथरे केले, त्यामुळे आजही तिथली काही घरं रस्त्यापेक्षा बरीच वर दिसतात आणि दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. भिंती राडारोड्याच्या चुऱ्यापासून पाडलेल्या ठोकळ्यांच्या. लाखेर्त यांची इच्छा होती की या भिंतींना गिलावा करू नये. तो तांबूस-करडा, खडबडीत पृष्ठभाग तसाच दिसावा, आपण कशावर राहतो हे राहणाऱ्याला रोज कळावं.

झालं उलट. वसाहत उदास दिसते अशी टीका झाली. नव्या समाजवादी राजधानीला हसरा चेहरा हवा होता. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भिंतींवर गिलावा चढला, वर नक्षीही आली. राहणाऱ्यांनाही उजळ घरं हवी असणार, यात काही गैर नाही. युद्धातून वाचलेल्या माणसाला रोज सकाळी विनाशाच्या भिंतीकडे पाहायला लावणं क्रूरच. पण त्या गिलाव्याबरोबर साडेतीन लाखांहून अधिक ज्यू वॉर्साकरांच्या शहराचा डोळ्यांना दिसणारा शेवटचा पुरावाही झाकला गेला. चौथरे कशाचे आहेत हे ठाऊक नसलेली पिढी त्यांवर वाढली.

चेर्न्याकूवमध्ये सत्तर वर्षांनंतर जे घडलं ते मी या गिलाव्याच्या संदर्भात वाचतो.

टेकडीचं मौन

टेकडी नुसता ढीग न राहता स्मारक व्हावी ही कल्पना जुनी आहे. युद्धानंतरच्या पहिल्याच वर्षांत वास्तुविशारद स्तानिस्वाव ग्रुश्चिन्स्की यांनी ती मांडली होती. पोलिश माणसाला असं काही ओळखीचंच वाटावं. क्राकूवमध्ये १८२० ते १८२३ दरम्यान स्वातंत्र्यसेनानी कोश्चुश्को यांच्या स्मरणार्थ लोकांनी मातीची टेकडी रचली. १९३० च्या दशकात पोलंडचे नेते पिउसुद्स्की यांच्यासाठी तशीच आणखी एक झाली. तिथे निरनिराळ्या रणभूमींवरची माती आणून टाकायची परंपरा आहे. वॉर्साच्या बाबतीत माती आणायची गरजच नव्हती.

पण राजकारण आडवं आलं. १९४४ चा उठाव करणारी होम आर्मी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी निष्ठावान होती. युद्धानंतर सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने तिच्या सैनिकांना तुरुंगात टाकलं, काहींना ठार केलं. स्टालिनच्या काळात उठावाबद्दल उघडपणे आदराने बोलणंही धोक्याचं होतं. उठावाचं भव्य स्मारक शहरात उभं राहायला १ ऑगस्ट १९८९ उजाडावा लागला. अशा काळात चेर्न्याकूवच्या ढिगाऱ्याला स्मारक कोण म्हणणार? तो शहराच्या कडेला पडून राहिला. लोक त्याला राडारोड्याचा ढीग म्हणूनच ओळखत.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण महाराष्ट्राशी असलेला खराखुरा धागा याच मौनातून जातो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ही कुटुंबं इराणमार्गे भारतात आली होती. वॉर्सा जळत होतं तेव्हा ही मुलं पंचगंगेच्या खोऱ्यात शाळेत जात होती. युद्ध संपल्यावर त्यांची मूळ गावं पोलंडमध्ये उरलीच नाहीत. सीमा सरकल्या होत्या. सोव्हिएत हद्दपारीची कहाणी सांगायलाही पोलंडमध्ये १९८९ पर्यंत बंदीच होती. म्हणजे वळिवड्याची आठवण आणि चेर्न्याकूवची टेकडी या दोन्ही एकाच राजवटीने गप्प केलेल्या गोष्टी. आज वॉर्सामध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा अनेक मराठी वाचकांना ते पहिल्यांदा कळलं. कुणी वॉर्साला गेलं तर ते स्मारक जरूर पाहावं, आणि त्याच दिवशी ही टेकडीही.

मूळ मुद्द्याकडे येतो. राजवट बदलल्यावर होम आर्मीतले एक अधिकारी, एउगेन्युश आयेव्स्की, यांनी टेकडीसाठी नेटाने पाठपुरावा केला. १९९४ मध्ये, उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, माथ्यावर 'कोत्वित्सा' हे चिन्ह उभं राहिलं: जहाजाच्या नांगराच्या आकारात गुंफलेली 'लढणारा पोलंड' या शब्दांची आद्याक्षरं. नाझी अंमलात हे चिन्ह भिंतींवर रंगवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. ते रेखाटणारी आन्ना स्मोलेन्स्का ही कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी १९४३ मध्ये आउशवित्झला मरण पावली. २००४ मध्ये टेकडीला आजचं नाव मिळालं. दर वर्षी १ ऑगस्टच्या रात्री माथ्यावर अग्नी पेटवला जातो आणि उठाव जितके दिवस चालला तितके, म्हणजे ६३ दिवस, तो तेवत ठेवला जातो.

प्रश्न नेमका काय होता

आता प्रकरणाच्या गाभ्याशी. बागेचं काम हाती घेतलं तेव्हा शहराच्या हरित विभागासमोर आणि आराखडा करणाऱ्या टोपोस्केप व आर्किग्रेस्ट या दोन संस्थांसमोर एकमेकांना छेदणाऱ्या मागण्या होत्या.

पहिली मागणी स्मरणाची. सरळ वर चढत जाणाऱ्या लांबलचक पायऱ्या, माथ्यावरचं चिन्ह, १ ऑगस्टची गर्दी, नव्वदी ओलांडलेले माजी सैनिक. त्यांच्या दृष्टीने ही जागा थडग्याइतकी पवित्र आहे. दुसरी मागणी रोजच्या जगण्याची. भोवती नव्या इमारती वाढत होत्या. तिथल्या मुलांना खेळायला, लोकांना धावायला, कुत्री फिरवायला, गवतावर पडायला जागा हवी होती. वर्षाचे ३६४ दिवस ही टेकडी त्यांची.

तिसरी बाजू झाडांची, आणि ती सर्वांत गुंतागुंतीची. कुणी लावलं नसताना ढिगाऱ्यावर रान उगवलं होतं. राडारोड्याची जमीन विचित्र असते. जुन्या गिलाव्यातल्या चुन्यामुळे ती अल्कधर्मी होते. विटांच्या पोकळ्यांतून पाणी झिरपून जातं, त्यामुळे उन्हाळ्यात कोरडी पडते. वरचा सुपीक थर नसतोच. अशा जागी स्थानिक ओक-लिंडेन सहज रुजत नाहीत. रुजतात ती चिवट, बहुधा परदेशी झाडं: उत्तर अमेरिकेतून आलेला रॉबिनिया, जो मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन धरतो आणि मुळांतून नवे कोंब फोडत पसरतो, त्याच खंडातून आलेला राखपानी मेपल. जर्मन परिसंस्थातज्ज्ञ इंगो कोवारिक यांनी शहरातल्या निसर्गाचे चार प्रकार मांडले: मूळ अरण्याचे अवशेष, शेतीतून घडलेला निसर्ग, बागांतला लावलेला निसर्ग, आणि चौथा, पडीक शहरी-औद्योगिक जागांवर स्वतःहून आलेला. बर्लिनच्या बॉम्बग्रस्त जागांवर वनस्पतीशास्त्रज्ञांनी युद्धानंतर केलेल्या दीर्घ निरीक्षणांतून ही समज तयार झाली. वॉर्साच्या टेकडीवरचं रान याच चौथ्या प्रकारातलं.

वनखात्याच्या नेहमीच्या नजरेने ही झाडं आक्रमक, म्हणून काढून टाकण्याजोगी. स्मारकाच्या नेहमीच्या नजरेनेही ती अडगळ, कारण स्मारक दुरून स्वच्छ दिसायला हवं. दोन्ही तर्क जोडले की उत्तर सोपं होतं: सगळं तोडा, उतार एकसारखे करा, वर माती पसरा, हिरवळ लावा. क्राकूवच्या टेकड्यांसारखा गुळगुळीत शंकू तयार. कुणी तक्रारही केली नसती.

चौथी अडचण खुद्द ढिगाऱ्याची. ट्रकमधून ओतलेला राडारोडा एकजीव नसतो; आत पोकळ्या असतात, उतार घसरू शकतात. तिथे कुठेही खोदलं तर काय सापडेल याचा भरवसा नाही.

काय केलं

आराखडा करणाऱ्यांनी रान ठेवलं. या एका निर्णयातून बाकीचे निघतात.

धोकादायक झाडं आणि मेलेल्या फांद्या काढल्या, काही जागा मोकळ्या केल्या, नवी लागवडही केली, पण उतारांचं आपोआप घडलेलं जंगलपण शाबूत राहू दिलं. पडलेले ओंडके किडे-पाखरांसाठी जागीच राहू दिले. ढिगाऱ्यावरचं हे रान म्हणजे युद्धानंतरच्या पंचाहत्तर वर्षांची नोंद आहे: माणसांनी पाठ फिरवली तेव्हा इथे कोण आलं, याची. ती नोंद खोडून वर हिरवळ लावणं म्हणजे मुरानूवचा गिलावाच झाला असता.

दुसरा निर्णय वाटेचा. पूर्वी टेकडीवर जायचं म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ पायऱ्या. मिरवणुकीला ते ठीक. पण त्या वाटेवर चढणाऱ्याला आपण कशावरून चाललो आहोत ते कळतच नाही, लक्ष फक्त वरच्या चिन्हाकडे. नव्या आराखड्यात त्या पायऱ्यांखेरीज उतारांवरून फिरणाऱ्या वाटा आल्या. एका ठिकाणी वाट जमीन सोडून झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या साकवावर चढते, म्हणजे रानातून जाता येतं आणि मुळांवर पाय पडत नाही. दुसऱ्या ठिकाणी ती थेट टेकडीत शिरते.

ही खिंड मला या संपूर्ण कामातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. ढिगाऱ्याचा एक भाग कापून त्यातून चालत जाण्याइतकी वाट काढली आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती काँक्रीटच्या, पण त्या काँक्रीटमध्ये खडीऐवजी टेकडीतूनच निघालेला राडारोडा आहे. विटांचे तुकडे, दगड, फरश्यांचे कपचे भिंतीच्या पृष्ठभागावर उघडे दिसतात. लाल, करडे, पांढरे. हात लावता येतो. कुठलीही काच मध्ये नाही. टाकाऊ राडारोड्यातून बांधकामाचं साहित्य करणं हे १९४६-४७ च्या वॉर्साचं टंचाईतून आलेलं तंत्र होतं. इथे तेच तंत्र समजून-उमजून पुन्हा वापरलं आहे. आणि लाखेर्त यांना मुरानूवमध्ये जे करू दिलं गेलं नाही ते इथे झालं: भिंत उघडी राहिली.

फरकही लक्षात घ्यायला हवा. मुरानूवमध्ये ती लोकांच्या घराची भिंत होती, इथे बागेतल्या वाटेची आहे. घराची भिंत टाळता येत नाही. या खिंडीत ज्याला जायचं तो जातो, नको असेल तो साकवावरून किंवा गवतातून जाऊ शकतो. आठवणीसमोर उभं राहण्याची सक्ती नाही, पण सोय आहे. तिथून पन्नास पावलांवर मुलं खेळत असतात, लोक चादरी अंथरून खात बसतात. ज्या काही लोकांना हे खटकतं, पवित्र जागी खेळ कशाला असं वाटतं, त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण उठावात मेलेल्यांमध्ये मोठा भाग सामान्य वस्त्यांतल्या माणसांचा होता. त्यांच्या घरांच्या विटांवर पुन्हा मुलांचा गलका असावा, हे मला अनादराचं वाटत नाही.

इतर टेकड्यांशी ताडून पाहता

युद्धाच्या राडारोड्याच्या टेकड्या युरोपात पुष्कळ आहेत, जर्मनीत सर्वाधिक. बर्लिनमधला टॉयफेल्सबर्ग सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या पोटात नाझींनी अर्धवट बांधलेलं लष्करी तंत्र महाविद्यालय गाडलेलं आहे आणि माथ्यावर शीतयुद्धात अमेरिकी हेरगिरीचं केंद्र होतं. बर्लिनच्याच फ्रीडरिशहाइन बागेतल्या टेकड्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजांवर रचल्या आहेत. म्युनिकमध्ये १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी ओबरवीसेनफेल्डच्या ढिगाऱ्याला घाट देऊन तो क्रीडानगरीच्या हिरव्या भूदृश्यात सामावून घेतला. या टेकड्यांवर माती आणि हिरवळ चढली आणि त्या पतंग उडवण्याच्या, घसरगाडीच्या जागा झाल्या. आपल्याच राजवटीने ओढवलेल्या विनाशाकडे बघायला त्या समाजाला वेळ लागला, तो काळ हिरवळीखाली गेला.

अपवाद स्टुटगार्टचा. तिथल्या बिर्केनकोप्फ टेकडीची उंची १९५३ ते १९५७ दरम्यान राडारोड्याने सुमारे ४० मीटर वाढली, आणि माथ्यावर कोरीव दगड, खांबांचे तुकडे, दारांच्या चौकटी तशाच उघड्या सोडल्या. म्हणजे ढिगारा दिसू देण्याची कल्पना वॉर्साने पहिल्यांदा काढली असं म्हणता येणार नाही. पण बिर्केनकोप्फवर जे दिसतं ते मुख्यतः मोठ्या इमारतींचे ओळखू येणारे अवशेष आहेत. वॉर्साच्या भिंतीत आहे तो निनावी चुरा: कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा, जिन्याचा, दुकानाचा. ज्या शहरात सरसकट सगळं उडवलं गेलं, तिथे हेच जास्त खरं आहे.

जे सुटलेलं नाही

एका बाबतीत माझं समाधान होत नाही. टेकडीचं नाव एकाच उठावाचं आहे. पण शहर १९३९ मध्येही पडलं आणि १९४३ मध्येही. घेट्टोचा बहुतांश ढिगारा मुरानूवमध्ये राहिला हे खरं, तरी राडारोड्याला तारीख चिकटलेली नसते. एखादी वीट कोणत्या वर्षी कोसळली हे भिंतीकडे पाहून कुणीच सांगू शकत नाही. माथ्यावरचं चिन्ह एक सांगतं, खिंडीतली भिंत त्याहून व्यापक काही सांगते. बागेतल्या माहितीने या दुसऱ्या गोष्टीला पहिल्याइतकीच जागा द्यावी असं मला ठामपणे वाटतं. १९४४ च्या सैनिकांचा त्यात कसलाही अवमान नाही.

रानाचा प्रश्नही कायमचा मिटलेला नाही. रॉबिनिया ठेवायचा ठरवलं तरी तो ठेवलेल्या जागी राहत नाही. मोकळं ठेवलेलं गवत दर काही वर्षांनी त्याच्या कोंबांपासून सोडवावं लागणार, साकवाच्या खांबांभोवती छाटणी करावी लागणार. 'निसर्गाला वाढू दिलं' हे वाक्य अहवालात छान दिसतं. प्रत्यक्षात अशी बाग नेहमीच्या बागेपेक्षा जास्त जाणती देखभाल मागते, कारण माळ्याला काय काढायचं याबरोबर काय काढायचं नाही हेही शिकावं लागतं.

आणि भिंतीचं काय? वॉर्साच्या हिवाळ्यात पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. जुनी वीट पाणी शोषते. गोठताना ते फुगतं आणि वीट आतून फुटते. काँक्रीट टिकेल, पण त्यात अडकलेले विटांचे कपचे हळूहळू झडत जाणार, पृष्ठभागावर खळगे पडणार. तेव्हा विभागावर दबाव येईल की खळगे भरा, वरून संरक्षक लेप द्या, भिंत एकसारखी करा. भिंतीच्या मजबुतीला धोका असेल तिथे दुरुस्ती करावीच लागेल. बाकी ठिकाणी खळगे तसेच राहू द्यावेत, आणि हे आजच देखभालीच्या नियमांत लिहून ठेवावं. लेप द्यायचा की नाही हे आणखी वीस वर्षांनी नव्या अधिकाऱ्यांवर सोडलं तर ते लेप देतील. मुरानूवमध्ये गिलाव्याच्या बाजूने निर्णय व्हायला जेमतेम काही वर्षं लागली होती.